किडनी बसवली, रक्तही पोचलं, मग लघवी का होत नाही? (डॉप्लर, आरआय आणि रक्त परत येताना होणारी इजा)

गोदाकाठ (छत्रपती संभाजीनगर)

नमस्कार मंडळी.

मी सोनोग्राफी करते. प्रत्यारोपण झालेल्या किडनीचे डॉप्लर, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, माझ्याकडे बरेच येतात. परभणी, हिंगोली, बीड, जालना, कुठून कुठून माणसं आलेली असतात. रिपोर्ट हातात पडला की नातेवाईक दाराशीच थांबतात. "मॅडम, रक्त पोचतंय ना?" पोचतंय म्हटलं की लगेच पुढचा प्रश्न, "मग क्रिएटिनिन का उतरंना?" क्रिएटिनिन म्हणजे किडनीनं बाहेर टाकायचा रक्तातला कचरा. मागे पेशंट ताटकळलेले असतात, तिथं उभ्या उभ्या हे समजावून होत नाही. प्रश्न मात्र अगदी रास्त आहे, म्हणून इथं सविस्तर लिहिते.

दोन्ही किडन्या मिळून वजन पाव-तीनशे ग्रॅम, पण हृदयातून दर मिनिटाला जेवढं रक्त बाहेर पडतं त्याचा पाचवा हिस्सा, कधी थोडा जास्तच, त्यांच्याकडे जातो. मिनिटाला साधारण एक लिटर. आत गेल्यावर मात्र हे रक्त सारखं वाटलं जात नाही. नव्वद टक्क्यांच्या आसपास बाहेरच्या थराला, म्हणजे कॉर्टेक्सला मिळतं आणि आतल्या मेड्युलाला उरलेलं. मेड्युलाच्या वरच्या पट्ट्यातल्या नलिका मिठाची ने-आण करतात, ते सगळ्यात ऑक्सिजन खाणारं काम. आणि तिथं ऑक्सिजनचा दाब असतो १० ते २० मिमी पारा, कॉर्टेक्समध्ये तोच ५० च्या आसपास. धडधाकट माणसातसुद्धा हा पट्टा काठावरच जगत असतो.

आता दात्याची किडनी काढली, थंड द्रावणानं धुतली, ४ अंशाला बर्फाच्या पेटीत ठेवली. थंडीमुळे पेशींची भूक दहा टक्क्यांच्या आसपास येते, पण पूर्ण थांबत नाही. पेशीतली ऊर्जा संपत जाते, सोडियम-पोटॅशियमचा पंप बंद पडतो, पेशी फुगतात. मग किडनी पेशंटला जोडली जाते, रक्तवाहिन्यांवरचा चिमटा (क्लॅम्प) निघतो आणि गरम, ऑक्सिजननं भरलेलं रक्त एकदम आत येतं. खरी मोडतोड बऱ्याच अंशी याच वेळी होते. यालाच रिपर्फ्युजन इंज्युरी म्हणतात. केशवाहिन्यांचं आतलं अस्तर सुजतं, त्याला पांढऱ्या पेशी चिकटतात, तांबड्या पेशी अडकून बसतात, आणि मोठ्या धमनीत रक्त जोरात वाहत असूनही आतल्या त्या पट्ट्यापर्यंत ते पोचत नाही.

पैठणहून जायकवाडीच्या डाव्या कालव्याला पाणी सुटलं म्हणून टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या, शेतकऱ्याच्या वावरात ते येतंच असं नाही, हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. माझं डॉप्लर बहुतांशी कालव्याच्या तोंडाशी आणि मधल्या चाऱ्यांवर पाणी मोजतं. टेलला काय चाललंय ते त्यात थेट दिसत नाही.

म्हणून "रक्त पोचतंय" आणि "किडनी काम करत नाही" या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. नलिकांच्या पेशी मेल्या-खरवडल्या की त्याला एटीएन म्हणतात, आणि पहिल्या आठवड्यात डायलिसिस करावं लागलं तर डीजीएफ, म्हणजे किडनी उशिरा चालू होणं. हे रिजेक्शन, म्हणजे शरीरानं परकी किडनी नाकारणं, नव्हे. नलिकांच्या पेशी पुन्हा उगवतात, त्यामुळे बहुतेक किडन्या काही दिवसांत, कधी काही आठवड्यांत, मार्गी लागतात.

कुणाला रिपोर्टमधलं काही विचारायचं असेल तर विचारा. नाव-गाव, हॉस्पिटल लिहू नका.

मांजराकाठचा (लातूर)

ताई, बरं झालं तुम्ही लिहिलंत. थोरल्या भावाला कॅडॅव्हरची (मृत दात्याची) किडनी बसवून आठवडा झाला. दिवसाची लघवी अर्ध्या ग्लासाच्या वर जाईना. डायलिसिस चालूच हाय. डॉक्टर म्हणायलेत, किडनी झोपलीय, वाट बघा. पण डॉप्लरमध्ये आरआय ०.८४ आलाय. बाजूच्या खाटेवरच्या पेशंटचा पाहुणा म्हणला, ०.८ च्या वर गेला की किडनी गेली समजा. तवापासून आई जेवंना झाली. हा आरआय म्हणजे नेमकं काय मोजतेत?

गोदाकाठ

भाऊ, आधी आईला जेवायला घाला. एका आकड्यावरून किडनी गेली असं कुणीच म्हणू शकत नाही, मीही नाही आणि तो पाहुणाही नाही.

आरआय म्हणजे रेसिस्टिव्ह इंडेक्स. किडनीतल्या बारीक धमनीवर प्रोब धरला की स्क्रीनवर टेकड्यांसारख्या लाटा उमटतात. हृदय आकुंचन पावतं तेव्हा लाटेचं टोक, आणि दोन ठोक्यांच्या मधे जो सपाट भाग उरतो तो शेवटचा वेग. टोकाच्या वेगातून शेवटचा वेग वजा करायचा आणि टोकाच्या वेगानं भागायचं, बस. टोक सेकंदाला ५० सेंमी आणि शेवट १५ असेल तर ०.७०. शेवट १० वर आला तर ०.८०. दोन ठोक्यांमधे प्रवाह पूर्ण थांबला तर १. साधारण ०.६ ते ०.७ चांगला समजतात.

यात "रेसिस्टिव्ह" असं नाव असलं तरी फक्त किडनीतला अडथळा मोजला जात नाही, आणि सगळा गोंधळ तिथंच होतो. पेशंटचं वय जास्त असेल, मधुमेहानं किंवा जुन्या बीपीनं मोठ्या धमन्या कडक झाल्या असतील, तर आरआय वर जातो. नाडी सावकाश असेल तर दोन ठोक्यांमधलं अंतर वाढतं, प्रवाह आणखी खाली येतो, आरआय वर जातो. पेशंटनं श्वास रोखून पोट ताठ धरलं तरी फरक पडतो. आणि प्रत्यारोपित किडनी जांघेच्या वर, अगदी कातडीखाली असते. तपासणाऱ्याचा हात जड पडला, प्रोब दाबला गेला, तर तेवढ्यानंही आकडा फुगतो. मी नवीन मुलांना शिकवताना आधी नुसता प्रोब टेकवून लाट बघायला लावते, मग थोडा दाबायला लावते. दोन ठोक्यांमधला सपाट भाग डोळ्यांदेखत खाली बसतो.

म्हणजे हा आकडा किडनीला मिळालेले मार्क नव्हेत. दुसऱ्या दिवशी किती होता, आज किती आहे, वर चाललाय की खाली, हे महत्त्वाचं. एटीएनमध्ये किडनी सुजलेली असते, कवच ताणलेलं असतं, त्यामुळे ०.८४ येऊ शकतो आणि सूज उतरली की खाली येतो.

रिपोर्टमध्ये या गोष्टी शोधा आणि इथं लिहा: शिरेत प्रवाह आहे का, धमनीच्या लाटेत उलटा प्रवाह आहे का, किडनीभोवती पाणी किंवा रक्त साठलंय का, किडनी फुगून लघवीची वाट अडलीय का.

मांजराकाठचा

शिरेत प्रवाह आहे असं लिवलंय. उलटा प्रवाह नाही. पाणी साठलेलं नाही. स्टेंट (लघवीच्या वाटेतली बारीक नळी) जागेवर आहे.

गोदाकाठ

हे चांगलं आहे. पहिल्या दिवसांत आम्हाला खरी भीती असते ती शिरेत किंवा धमनीत गुठळी होण्याची. शीर बंद झाली की रक्ताला बाहेर पडायला वाट उरत नाही. दोन ठोक्यांमधे ते धमनीतून चक्क मागे ढकललं जातं आणि लाट रेषेच्या खाली उतरते. तसं दिसलं की मी रिपोर्ट टाईप करत बसत नाही, आधी सर्जनला फोन करते. तिथं मिनिटं मोजायची असतात. तुमच्याकडे तसं काही नाही.

दुधना (परभणी)

मी शाळेत विज्ञान शिकवतो. एक शंका आहे. पेशी ऑक्सिजनवाचून तडफडत होती, तिला ऑक्सिजन मिळाला. मग तिचं भलं व्हायला हवं. इजा का होते?

बालाघाट (अंबाजोगाई)

सर, मी भूलतज्ज्ञ. प्रत्यारोपणाच्या थिएटरात बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून उत्तर देतो.

रक्त बंद असतं तेव्हा पेशी शिल्लक एटीपी, म्हणजे तिचं इंधन, मोडून खाते. मोडत मोडत शेवटी हायपोझॅन्थिन नावाचा पदार्थ साठतो. ऑक्सिजन नसेपर्यंत तो नुसता पडून राहतो. ऑक्सिजन आला की झॅन्थिन ऑक्सिडेज हे विकर त्याच्यावर काम करतं आणि त्यातून सुपरऑक्साइडसारखे अतिशय तिखट रेणू बाहेर पडतात. त्यांनी पेशीचं आवरण, प्रथिनं, सगळं पोळतं. हे बरंच जुनं स्पष्टीकरण.

२०१४ साली केंब्रिजच्या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राण्यांवरच्या प्रयोगांत दुसरी वाट दाखवली. रक्त बंद असताना मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीच्या ऊर्जाघरात, सक्सिनेट नावाचा पदार्थ साठतो. ऑक्सिजन परतला की तो भराभर जळतो, इलेक्ट्रॉनांचा लोंढा उलट्या दिशेनं पहिल्या कॉम्प्लेक्समधून (ऊर्जा बनवणाऱ्या साखळीच्या पहिल्या कडीतून) मागे जातो आणि तिथं तेच तिखट रेणू तयार होतात. जोडीला पेशीत कॅल्शियम भरतं, मायटोकॉन्ड्रियाच्या पडद्याला भोक पडतं आणि पेशी मरते. मग शरीराची संरक्षण यंत्रणा जागी होते, कॉम्प्लिमेंट (रक्तातली संरक्षक प्रथिनं), पांढऱ्या पेशी, सूज. पहिली मिनिटं रसायनाची आणि पुढचे तास-दिवस सुजेचे, असं साधारण समजा.

यावर अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या का देत नाहीत, असं तुम्ही विचारणार. उंदरांत पुष्कळ औषधं लागू पडली. माणसांत खात्रीचं, रोज वापरावं असं एकही अजून हाती आलेलं नाही.

थिएटरात काय दिसतं तेही सांगतो. किडनी जोडेपर्यंत फिकट, राखाडी-पिवळी, हाताला गार आणि मऊ असते. सर्जन म्हणतात, "काढतोय". त्याआधीच आम्ही सलाइन देऊन बीपी वर आणून ठेवलेलं असतं. आधी शिरेचा क्लॅम्प निघतो, मग धमनीचा. काही सेकंदांत गुलाबी रंग एका टोकाकडून पसरत जातो आणि किडनी बोटाला टणक लागते. जिवंत दात्याची असेल तर कित्येकदा मूत्रवाहिनी मूत्राशयाला जोडायच्या आतच तिच्या तोंडाशी थेंब दिसतात. आईची किडनी मुलाला बसवताना तो पहिला थेंब आला की थिएटरातल्या प्रत्येकाचा चेहरा उजळतो, कितीही वर्षं काम केलेलं असो.

कॅडॅव्हरच्या किडनीत कधी रंग ठिपक्याठिपक्यांनी येतो, मधे जांभळट पट्टे राहतात. तेव्हा सगळ्यांचे डोळे मॉनिटरच्या बीपीवर. त्या घडीला बीपी पडू द्यायचं नाही, एवढं एक काम आमच्या हातात असतं.

गोदाकाठ

बालाघाट सर, फार छान लिहिलंत. १९५४ साली बोस्टनला जोसेफ मरे यांनी पहिलं यशस्वी प्रत्यारोपण केलं ते एकसारख्या जुळ्या भावांमधे, त्यामुळे रिजेक्शनचा प्रश्नच आला नाही. पण तिथंही किडनी काही काळ रक्तावाचून राहिलीच होती. ही इजा जुळ्या भावालाही चुकत नाही. वेळ कमी असला की ती सोसवते, एवढंच.

हरिश्चंद्र_डोंगर (धाराशिव)

एक स्पष्ट विचारतो. इतकं सगळं पहिल्या मिनिटांत ठरत असेल तर तिथंच मीटर लावून रक्त का मोजत नाहीत? रंग बघून, बोटानं चाचपून अंदाज घ्यायचा, हे दिवस राहिले का? माझ्या मेव्हण्याच्या ऑपरेशननंतर आम्हाला कुणी एक आकडासुद्धा सांगितला नव्हता.

बालाघाट

तुमची तळमळ बरोबर आहे. तसा मीटर आहे. ट्रान्झिट टाइम म्हणतात. छोटा चिमटा धमनीभोवती बसवायचा. त्यातून अल्ट्रासाउंडची एक लहर प्रवाहाच्या दिशेनं जाते, एक विरुद्ध. दोघींना लागणाऱ्या वेळात जो फरक पडतो त्यावरून मिनिटाला किती मिली रक्त गेलं ते कळतं. हृदयाच्या बायपासमध्ये तो पुष्कळ वापरतात, किडनीत कमी. जोड चुकला असेल, धमनीला पीळ पडला असेल, तर तो जागच्या जागी पकडतो आणि टाके उसवून पुन्हा घालता येतात. हा मोठा फायदा.

पण मोठ्या धमनीचा आकडा चांगला आला म्हणून उद्या लघवी होईलच, असं त्यावरून सांगता येत नाही. मघाशी ताईंनी टेलचं सांगितलं तेच. आतलं बघायला वेगळी साधनं लागतात. लेसर डॉप्लर किडनीच्या पृष्ठभागावर ठेवून वरच्या मिलिमीटरभर थरातलं वाहणं बघतात, पण त्याचा आकडा मिलीत येत नाही, नुसता सापेक्ष असतो. इंडोसायनिन ग्रीन हा रंग शिरेतून देऊन खास कॅमेऱ्यानं बघितलं तर कुठला तुकडा उजळतो आणि कुठला अंधारा राहतो ते दिसतं. एकाच वरच्या टोकाला जाणारी बारीक धमनी सुटलेली असेल तर हे फार कामाचं. मेव्हण्यांच्या वेळी काय घडलं ते मी सांगू शकत नाही, पण ऑपरेशनच्या नोंदीची प्रत मागायचा तुम्हाला हक्क आहे. तिच्यात क्लॅम्प किती वेळ होता, लघवी टेबलावर आली का, हे लिहिलेलं असतं. ती मागा.

गोदाकाठ

यात माझी भर. वॉर्डातल्या पेशंटसाठी बुडबुड्यांचं सोनोग्राफी कॉन्ट्रास्ट असतं. अतिसूक्ष्म बुडबुडे, आत सल्फर हेक्झाफ्लोराइड वायू. ते श्वासावाटे बाहेर जातात, किडनीवर भार पडत नाही, आणि केशवाहिन्यांतलं भरणं दिसतं. एमआरआयमध्ये एएसएल नावाची पद्धत आहे, रक्तातल्या पाण्यालाच चुंबकानं खूण करतात, काही टोचावं लागत नाही. दोन्ही उत्तम, पण आपल्या आठ जिल्ह्यांत आज रोजच्या भरवशाचं म्हणाल तर डॉप्लर आणि न्यूक्लिअर स्कॅन (किरणोत्सारी औषध टोचून काढलेलं चित्र). आणि एटीएन की रिजेक्शन याचा निकाल यातलं काहीही देत नाही. तो बायोप्सीच देते, म्हणजे सुईनं किडनीचा बारीक तुकडा काढून तपासणं. किडनी झोपलेली असेतो दर सात ते दहा दिवसांनी बायोप्सी करावी असं केडिगो या किडनीविकारांवरच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २००९ च्या मार्गदर्शनात म्हटलंय, कारण झोपलेल्या किडनीत रिजेक्शन सुरू झालं तर ते बाहेरून ओळखूच येत नाही. बायोप्सीला भिऊन नाही म्हणू नका.

तेरणामाय (निलंगा)

मी प्रत्यारोपण समन्वयकाचं काम करत होते. एक गोष्ट कुणी बोललं नाही, ती आपल्या मराठवाड्याला सगळ्यात जास्त लागू आहे. बर्फातला वेळ.

किडनी द्रावणाच्या पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, ती तिसऱ्या, मग बर्फ. बर्फ किडनीला थेट लागू द्यायचा नाही, नाहीतर तेवढा भाग गोठून मरतो. हृदयाला चार ते सहा तास मिळतात, किडनी चोवीस तासांपर्यंत चालते असं म्हणतात, आणि लोकांना वाटतं मग घाई कशाला. पण प्रत्येक तासागणिक झोपलेल्या किडनीची शक्यता वाढत जाते.

हा वेळ नुसता अँब्युलन्सचा नसतो. राज्यात झेडटीसीसी, म्हणजे अवयव वाटपाची विभागीय केंद्रं, चार ठिकाणी आहेत, मुंबई, पुणे, नागपूर आणि आपलं छत्रपती संभाजीनगर. यादीतून नाव निघालं की पेशंटला फोन जातो. पेशंट नांदेडकडच्या खेड्यात, फोन बंद, किंवा रेंज नाही. फोन लागला तर रात्री गाडी मिळत नाही. पाच-सहा तासांचा रस्ता. आल्यावर क्रॉसमॅचला, म्हणजे दाता आणि पेशंट जुळतात का ती रक्ताची तपासणी, आणखी काही तास. पोटॅशियम वाढलेलं असेल तर आधी डायलिसिस. तोवर किडनी बर्फातच. माझी कळकळीची विनंती, यादीत नाव असलेल्यांनी घरातल्या तिघांचे नंबर देऊन ठेवा, गाडीवाला आधीच ठरवून ठेवा, फाइल पिशवीत भरून दाराजवळ ठेवा.

काही देशांत किडनी नुसती बर्फात न ठेवता मशीनवर ठेवतात, थंड द्रावण तिच्यातून सतत फिरवत. २००९ साली युरोपात ३३६ दात्यांच्या किडन्यांवर अभ्यास झाला. प्रत्येक दात्याची एक किडनी मशीनवर, दुसरी बर्फात. उशिरा चालू होण्याचं प्रमाण बर्फात २६.५ टक्के आणि मशीनवर २०.८ टक्के आलं. मशीनवर किडनीतला प्रवाह आणि अडथळा आकड्यात दिसत राहतो, हा आणखी फायदा. ज्या भागात अंतरं मोठी, तिथंच ही मशीन आधी यायला हवीत असं माझं ठाम मत आहे.

हरिश्चंद्र_डोंगर

तेरणामाय, हे तर आमदार-खासदारांपुढं मांडायला पाहिजे. मी निवेदन तयार करतो, तुम्ही तपासून द्याल का?

तेरणामाय

नक्की. व्यक्तिगत निरोप पाठवा.

दुधना

गोदाकाठ ताई, ०.८ चा आकडा मग आला कुठून? काहीतरी आधार असेलच ना.

गोदाकाठ

आहे, सर. २००३ साली जर्मनीतून एक मोठा अभ्यास आला. प्रत्यारोपणाला किमान तीन महिने झालेल्यांत आरआय ०.८० किंवा जास्त असेल तर पुढे किडनी आणि पेशंट दोघांचंही भवितव्य वाईट, असं त्यात दिसलं. तिथून तो आकडा वॉर्डावॉर्डात पोचला. मग २०१३ साली बेल्जियमच्या अभ्यासात बायोप्सीशी पडताळून बघितलं. तिथं आरआय जास्त असलेल्यांत मृत्यू जास्त दिसले, पण ठरलेल्या वेळच्या बायोप्सीत किडनीच्या आतल्या बिघाडाशी त्याचं नातं लागेना. नातं होतं ते पेशंटच्या वयाशी आणि रक्ताभिसरणाशी. म्हणून उंच आरआय बघितला की मी पेशंटचं हृदय, बीपी, साखर यांच्याकडे लक्ष द्यायला सांगते. आणि पहिल्या आठवड्यातल्या आरआयला तीन महिन्यांनंतरचा नियम लावणं तर मुळातच चूक.

बिंदुसरा (बीड)

मला माझ्या आईनं किडनी दिली. पहिले दिवस सगळं सुरळीत होतं. वर्षभरानं बीपी गोळ्या वाढवूनही आवरेना, पाय सुजायला लागले. डॉक्टरांनी किडनीवर स्टेथोस्कोप ठेवला आणि म्हणाले, घरघर ऐकू येतेय. डॉप्लरमध्ये जोडाजवळ धमनी आवळलेली निघाली. फुगा घालून उघडली, बीपी खाली आलं. तेव्हा माझा आरआय उलट कमी आला होता. असं का ताई?

गोदाकाठ

कारण अडथळा किडनीच्या अलीकडे होता. आवळलेल्या जागी रक्त उसळून जातं, वेग सेकंदाला २५० सेंमीच्या वर गेला की आम्हाला शंका येते. पण पुढे पोचतो तो दमलेला प्रवाह. लाटेचं टोक बुटकं, हळूहळू चढणारं, म्हणून आरआय कमी. चांगला दिसणारा आकडासुद्धा फसवू शकतो तो असा.

आणि ताई, तुमच्याकडच्या मंडळींना एक सांगा. बीडच्या मे महिन्यात पाणी कमी पडलं, जुलाब झाले, वर अंगदुखीची डायक्लोफेनॅकसारखी गोळी घेतली, तर बसवलेल्या किडनीतल्या त्याच काठावरच्या पट्ट्याचं रक्त पुन्हा तुटतं. मेडिकलवरून मनानं पेनकिलर घ्यायची नाही.

बिंदुसरा

हो, गावात सगळ्यांना गुडघेदुखीला तीच गोळी. सांगते.

मांजराकाठचा

ताई, काल बायोप्सीचा रिपोर्ट आला. एटीएन आहे, रिजेक्शन नाही. लघवी थोडी वाढायलीय. डायलिसिस अजून चालू. आईला तुमचा धागा मोबाईलवर वाचून दाखवला. पुढचा डॉप्लर सोमवारी सांगितलाय. काय काळजी घ्यायची?

गोदाकाठ

छान. जुना रिपोर्ट आणि फिल्म दोन्ही न्या, जमलं तर त्याच मशीनवर, त्याच डॉक्टरांकडे करा, म्हणजे आकडे एकमेकांशी ताडून बघता येतात. लघवीची नळी चालू आहे ना ते बघा, तुंबलेल्या मूत्राशयानं चित्र बिघडतं. तपासताना भावाला श्वास सावकाश चालू ठेवायला सांगा. डायलिसिसच्या वेळी बीपी पडतंय का ते विचारा, पडत असेल तर पाणी कमी वेगानं काढायला नेफ्रोलॉजिस्टना सांगा, कारण बीपी पडलं की सावरणाऱ्या नलिकांना पुन्हा मार बसतो. टॅक्रोलिमसची (रिजेक्शन टाळायच्या औषधाची) रक्तातली पातळी कधी तपासली तेही विचारून ठेवा, ती जास्त झाली तर किडनीतल्या बारीक धमन्या आवळतात. सोमवारचे आकडे आले की इथं टाका.